सुरतेत एकवीस किलोमीटर, त्यातले तीन जोडीने

एकोणपन्नासाव्या वर्षी पळायला परगावी निघालोय म्हटल्यावर बँकेत शिपायापासून साहेबापर्यंत सगळे हसले. "जळगावात रस्ते नाहीत का?" रस्ते आहेत, पण विलास सुरतेत आहे. पारोळ्याच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. दहावीनंतर तो सुरतेच्या पॉवरलूम कारखान्यात लागला, मी शिकत राहिलो आणि बँकेत चिकटलो. तो माझ्याकडे आला की आम्ही पहाटे मेहरूण तलावाकाठी गप्पा मारत पळतो. अर्धी मॅरेथॉन जोडीने पळायची, हे तिथेच ठरलं. दोघांचीही पहिलीच.

उधना स्टेशनला उतरून मी रिक्षावाल्याशी मोडक्या गुजरातीत भाव करू लागलो. त्याने दोन वाक्यं सहन केली आणि म्हणाला, "जळगावना शेतस का? बठा!" (जळगावचे का? बसा!) विलासच्या घरी, लिंबायतपर्यंत, मी दुकानांच्या पाट्या वाचत गेलो. पाट्या गुजराती, पण दुकानात बोलणं बरंचसं आपल्या खान्देशातलं. घरापासून इतक्या लांब येऊन घरीच आल्यासारखं वाटलं आणि जरा फसवणूकही झाल्यासारखी वाटली.

दुपारी विलासने कारखाना दाखवला. दारातच कान बधिर झाले. तो मात्र मान तिरकी करून उभा राहिला आणि कोपऱ्यातल्या एका लूमकडे बोट दाखवून धावला. मला सगळ्या सारख्याच खडखडत होत्या. बाहेर आल्यावर मी विचारलं, "तुला कसं कळलं?" तो म्हणाला, "चालस तसा आवाज नव्हता." (चालते तसा आवाज नव्हता.) दिवसभर बिघडलेल्या लूम शोधायच्या आणि नीट करायच्या, हे त्याचं काम.

संध्याकाळी खाण्याची चैन झाली. लोचो म्हणजे बिघडलेल्या ढोकळ्यासारखा दिसणारा मऊ, गरम प्रकार, वर तेल, शेव आणि कांदा. शेजारच्या गाडीवर पोंक (कोवळ्या ज्वारीचा हुरडा) होता. हुरडा आपणही खातो, पण सुरतेची माणसं त्यावर लिंबू-मिऱ्याची शेव घालतात आणि वर त्याची भजीही तळतात. उद्या पळायचंय म्हणून मी एकच घास घेतला, मग आणखी दोन घेतले, पुढचे मोजले नाहीत.

घरी विलास अंघोळीला गेल्यावर सुनंदावहिनी, म्हणजे त्याची बायको, हळूच म्हणाली, "भाऊजी, तुमले एक सांगू? त्यासले सांगू नका." (तुम्हाला एक सांगू? त्यांना सांगू नका.)

विलास दर रविवारी डुमस रस्त्यावर एका गटाबरोबर पळतो. गटात डॉक्टर आहेत, कापडाचे व्यापारी आहेत. कारखान्यात राबणारा हा एकटा. पुढच्या वर्षीचे पेसर, म्हणजे पाठीला वेळेचा झेंडा लावून ठरल्या वेगाने पळणारे आणि मागच्यांना वेळेत पोहोचवणारे लोक, या गटातून निवडणार होते. अट एकच, ही शर्यत दोन तासांच्या आत संपवायची. वर्षभर त्याला त्या झेंड्याचा ध्यास होता. मला पावणेतीन तास तरी लागणार होते. "पन त्या म्हनतस, तुमनासंगेच पयसू," वहिनी म्हणाली. (पण ते म्हणतात, तुमच्याबरोबरच पळेन.) मला जेवण जाईना.

पहाटे हजारो पायांत आम्ही निघालो. विलास माझ्या डाव्या हाताला, गप्पा मारत, अगदी तलावाकाठी पळतो तसा. तिसऱ्या किलोमीटरला मी मनाशी ठरवलं आणि डावा गुडघा धरून लंगडायला लागलो. "गुडघा गेला रे. तू हो पुढे, मी येतो सावकाश."

विलासने माझ्या पायांकडे पाहिलंही नाही. मान तिरकी करून चार पावलं नुसती ऐकली. "दुखस तो पाय हलका पडस. तू तर त्याच पायवर जोर दी ऱ्हायना." (दुखतो तो पाय हलका पडतो. तू तर त्याच पायावर जोर देतोयस.) वर म्हणतो, "मन्ही लूमबी इतलं नाटक करत नही."

मग मी खरं ते बोललो. वहिनीने सांगितलंय, दोन तासांचं मला माहीत आहे, आणि माझ्यापायी तुझा झेंडा गेला तर तुझ्या घरी पुन्हा कोणत्या तोंडाने जेवू? तो म्हणाला, जोडीने म्हटलं म्हणजे जोडीने. आमच्या बाजूने माणसं भराभर जात होती. मला खरंच राग आला. मी दुभाजकावर बसकण मारली.

"तू गेल्याशिवाय मी इथून हलत नाही."

तो माझ्यासमोर जागच्या जागी पळत राहिला. रस्त्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. पायांत गोळे येऊ नयेत म्हणून "मीठ चाखत ऱ्हाय," एवढंच बोलला आणि गेला.

आणि मी बघतच राहिलो. इतकी वर्षं तो माझ्या शेजारी पळत होता, त्यामुळे तो पळतो कसा हे मी कधी पाहिलंच नव्हतं. ना खांदे हलत होते, ना पाय आपटत होते. लोकांमधून वाट काढत तो बघता बघता दिसेनासा झाला. मला अभिमान वाटला, आणि खोटं कशाला बोलू, पोटात थोडं जळलंही.

पुढचं सगळं एकट्याने. एका बंगल्याबाहेर साडी नेसलेल्या आजी संत्र्याच्या फोडी आणि मीठ घेऊन उभ्या होत्या. "चालो काका, हवे थोडुंज छे!" (चला काका, आता थोडंच राहिलंय!) चौदा किलोमीटर राहिले होते. तापीच्या पुलावर गार वारा लागला तेव्हा मात्र बरं वाटलं. सतराव्या किलोमीटरला पायांत खरेच गोळे आले. तीन तासांचा झेंडा लावलेला एक तरुण पेसर शेजारून गेला. त्याच्या मागे राहायचा जिवापाड प्रयत्न केला, पण त्याची नजर घड्याळात. एकदाही मागे वळून न बघता तो लांब गेला. तीन तास दहा मिनिटांनी शेवटची कमान बंद होणार होती. मी चाललो, पळालो, देवाचं नाव घेतलं आणि एक मिनिट उरलं असताना आत शिरलो.

विलास कमानीपाशीच होता. त्याने मला धरलं, खाली बसवलं, माझ्या बुटांच्या नाड्या सोडल्या.

"किती?" मी विचारलं.

"एक तास अठ्ठावन." मग माझ्या पोटऱ्या चोळायला लागला. मला रडू आलं, ते मी घामावर ढकललं.

गटाचे म्होरके डॉक्टर आले. म्हणाले, "विलासभाई, सव्वादोन तासांपासून पुढचा कुठलाही झेंडा माग." विलासने तीन तासांचा मागितला.

"अरे, तो शेवटचा!" मी म्हणालो. "एवढ्या हळू पळून पाय आखडतील तुझे."

"मांगे ऱ्हातस त्यासना पायबी कोनी आयकाले पाहिजे ना." (मागे राहतात त्यांचे पायही कोणी ऐकायला हवेत ना.)

परतीच्या गाडीत बसताना गुडघे वाकत नव्हते. समोरच्या बाईंनी आपणहून माझी पिशवी वर ठेवली. नंदुरबार गेलं तरी माझ्या डोळ्यांपुढे तेच, लोकांमधून दूर जाणारी ती पाठ. जळगावात मी सगळ्यांना सांगत आलो होतो की विलास आणि मी अगदी सारखे पळतो, अर्धं पाऊल इकडे ना तिकडे. खरं म्हणजे तो माझ्यासाठी हळू पळत होता, इतकी वर्षं, आणि एकदाही जाणवू न देता.