बासष्ट फाइलींचा मुद्देमाल

नोकरीतले खून आणि दरोडे आता आठवणीत एकमेकांत मिसळायला लागलेत. घरकुलाच्या बासष्ट फाइलींचं प्रकरण मात्र जसंच्या तसं डोक्यात आहे, आणि ते आठवलं की निवृत्तीनंतरही डोकं तापतं. त्यात कोणी कोणाला मारलं नाही, कोणाचं कुलूप फोडलं नाही. एवढा तपास करून शेवटी चोरही निघाला नाही.

तेव्हा मी अमरावती जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ठाणेदार होतो. गावाचं नाव सांगत नाही, माणसांचीही नाही. एका सोमवारी हजेरी आटोपून मी स्टेशन डायरी वाचत बसलो होतो, तेवढ्यात घरकुल योजना राबवणाऱ्या कार्यालयाचे साहेब शिपायाला घेऊन आले. तक्रार टाइप करूनच आणली होती. एका गावच्या बासष्ट लाभार्थ्यांच्या मूळ फाइली कार्यालयातून गायब होत्या. पंधरा दिवसांनी ऑडिट येणार होतं. चार महिन्यांपूर्वी निवृत्त झालेल्या बाबूंवर साहेबांचा संशय होता, कारण अभिलेख खोलीची किल्ली शेवटपर्यंत त्यांच्याकडे होती.

मी विचारलं, "फोटो, माहिती सगळं आता मोबाइलवर चढवतात ना? मग फाइल कशाला हवी?"

"चढवतो हो. पण मूळ कागद पाहिल्याशिवाय ऑडिटवाले सही करत नाहीत, आणि आम्ही पुढचा हप्ता सोडू शकत नाही. बासष्ट घरं अर्धवट उभी आहेत," साहेब म्हणाले.

घरकुल मंजूर झालं की आधी जुनं घर पाडावं लागतं. म्हणजे त्या बासष्ट कुटुंबांना ना जुनं घर होतं, ना नवं. मी चोरीचा गुन्हा दाखल केला आणि त्याच दुपारी बाबूंना बोलावून घेतलं.

बाबू आले ते इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला दोन पेनं लावून. खुर्चीच्या अगदी कडेवर बसले. मी सरळ विचारलं, "बाबूजी, फाइली कुठे आहेत?"

"त्याबाबत मी कार्यालयाला लेखी कळवलेलं आहे. आवक नोंदवही पहावी."

"मला तोंडी सांगा."

"तोंडी सांगितलेल्याची नोंद राहत नाही, ठाणेदार साहेब."

दोन तास मी त्या माणसाशी डोकं लावलं. गोडीत विचारलं, आवाज चढवून विचारलं, पेन्शनची भीती घातली. उत्तर एकच. जाताना मात्र त्यांनी उलट मला विचारलं, "आणि माझा जबाब कुठंय? वाचून पाहिल्याशिवाय मी सही करणार नाही." वाचला, आणि त्यातल्या शुद्धलेखनाच्या तीन चुका दाखवून गेले.

मी साहेबांना फोन लावला. बाबूंचं काही पत्र आलंय का विचारलं. "असं कोणतंही पत्र नाही," ते म्हणाले. मी ते खरं धरलं. एक पदावर असलेला अधिकारी आणि एक हटवादी निवृत्त कारकून. खरं कोण बोलतंय, याचा मी क्षणभरही विचार केला नाही.

पुढचे नऊ दिवस माझी माणसं बाबूंच्या मागावर होती. रद्दीवाले तपासले, झेरॉक्सची दुकानं तपासली. अकोल्याच्या जुन्या शहरात बाबूंचे साडू राहतात असं कळलं, म्हणून दोन शिपाई तिकडे पाठवले. मोर्णा नदीच्या काठच्या त्या गल्ल्यांत दिवसभर फिरून ते पायांना फोड घेऊन परत आले. गावातल्या वार्तापत्रात 'फाइली गिळल्या कोणी?' असा मथळा आला. वरून फोन यायला लागले.

मग टीप मिळाली. बाबूंच्या घरासमोर एक सायकल दुरुस्तीवाला बसायचा. तो आमच्या हवालदाराला म्हणाला, "बाबूच्या घरी खेड्यातले लोकं येऊन राहिले. हातात पिशव्या घिऊन येतात, अन् रिकाम्या हातानं जातात."

मला वाटलं, सापडला. फाइली दाबून ठेवायच्या, लाभार्थ्यांना घरी बोलवायचं आणि काम करून देतो म्हणून पैसे उकळायचे. असले प्रकार मी पाहिले होते. दुसऱ्या दिवशी आठवडी बाजार होता. त्या घरी जाताना दिसलेली एक बाई तिथं मेथी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, विकायला बसते, असं सायकलवाल्यानं सांगितलं होतं. महिला शिपाई पाठवून मी तिला ठाण्यात आणलं.

चाळिशीची माळ्याची बाई. नवरा वारलेला, सोबत म्हातारा सासरा. घरकुल सासऱ्याच्या नावावर, स्लॅबपर्यंत आलेलं. तोवर दोघं दिराच्या गोठ्यात, टिनाखाली राहत होते.

"बाबूंच्या घरी कशाला गेली होतीस?"

"मेथी द्यायले."

"आणि पिशवीत कागद होते ते?"

"कागद कायले राहतीन सायेब? मेथी होती."

"बाई, तुझा हप्ता ज्या माणसामुळे अडला, त्यालाच तू वाचवतेस? त्यानं पैसे मागितले का?"

ती इतका वेळ खाली पाहत होती. आता तिनं मान वर केली. "पैशे? त्यायनं चहाबी पाजला मले. तुमच्या हापिसातनी चार चकरा मारल्या म्या. कोणं कागद हातात घेतला नाई. म्हणे फाइल नाई, फाइल आली का या. मी काय करू?"

"मग बाबूंनी घेतला?"

तिनं पिशवी छातीशी ओढली. आपण काय बोलून गेलो ते तिच्या लक्षात आलं होतं. महिला शिपायानं तिची पिशवी टेबलावर रिकामी केली. त्यात चिल्लर, तंबाखूची डबी आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली एक चिठ्ठी होती. सुवाच्य निळ्या अक्षरात लिहिलं होतं: 'स्लॅब टप्प्याचा फोटो व घरपट्टीची पावती मिळाली. मूळ फाइलला जोडली.' खाली बाबूंची सही, आणि तारीख त्यांच्या निवृत्तीनंतर दोन महिन्यांची.

मी ती ओळ दोनदा वाचली. 'मूळ फाइलला जोडली.'

बाई रडायला लागली. "त्यायले काई करू नका सायेब. इतक्या वर्षांत पावती देणारा तो एकच माणूस भेटला मले."

तासाभरात मी दोन पंच आणि चार माणसं घेऊन बाबूंच्या दारात होतो. त्यांनी दार उघडलं, आमच्याकडे पाहिलं आणि चपला बाहेर काढायला सांगितल्या. आतल्या खोलीत पलंग नव्हता. भिंतीला लाकडी फळ्या ठोकलेल्या, त्यावर लाल कापडात बांधलेले गठ्ठे, गठ्ठ्यांत डांबराच्या गोळ्या, आणि दाराला चिकटवलेली यादी. कोणत्या लाभार्थ्याची फाइल कोणत्या फळीवर, पानं किती, कोणता कागद कमी. बाबू आणि त्यांची बायको पुढच्या खोलीत जमिनीवर झोपत होते.

पंचनामा लिहायला घेतला, तेव्हा त्यांनी एका पाकिटातून तीन पत्रांच्या प्रती काढून माझ्यापुढे ठेवल्या. तिन्हींवर कार्यालयाचा गोल शिक्का, पोच घेणाऱ्याची सही आणि आवक क्रमांक. मजकूर सारखाच होता. बैठकांसाठी नवं सभागृह करायचं म्हणून अभिलेख खोली रिकामी करण्यात आली. सगळं रेकॉर्ड व्हरांड्यात, गळक्या कूलरखाली पडलं. नंतर रद्दीचा टेम्पो बोलावण्यात आला. अंतिम ऑडिट होऊन ठरलेली वर्षं उलटेपर्यंत हे कागद नष्ट करता येत नाहीत, असं सांगूनही कोणी ऐकलं नाही. 'एका ऑटोत मावल्या तेवढ्या फाइली मी स्वखर्चानं घरी आणून सुरक्षित ठेवल्या आहेत. कार्यालयानं जागा द्यावी आणि त्या परत न्याव्यात.'

"हे पहिल्याच दिवशी का नाही दाखवलंत?" मी जवळजवळ ओरडलोच.

"दाखवलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?"

"ताब्यात घेतल्या असत्या फाइली."

"हेच ते. मग त्या मुद्देमाल झाल्या असत्या. तुमच्या मुद्देमाल खोलीत गेलेली वस्तू परत कधी येते, ते मी इतकी वर्षं कार्यालयात बसून पाहून राहिलो आहे. पत्र वाचून कार्यालयानं त्या न्यायला पाहिजे होत्या. पोलिसांनी नाही. म्हणून मी म्हणत होतो, आवक नोंदवही पहा."

मला तिथं थांबता आलं असतं. पण पंच उभे होते, वरिष्ठ फोनवर प्रगती विचारत होते आणि मी रागात होतो. मी फाइली जप्त केल्या. बाबूंनी प्रत्येक फाइलची पानं पंचनाम्यात नोंदवायला लावली. त्यात संध्याकाळ झाली.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात जाऊन मी आवक नोंदवही उघडली. तिन्ही पत्रांच्या नोंदी होत्या. शेरा एकच, 'संबंधितांकडे'. संबंधित कोण, हे कोणालाच सांगता येईना. साहेब म्हणाले, "आवक थेट माझ्याकडे येत नाही." मी विचारलं, "फोनवर नाही म्हणालात, तेव्हा कोणाला विचारून म्हणालात?" त्यांनी चहा मागवला. मी तो घेतला नाही.

त्यानंतर झालं ते सगळं बाबू म्हणाले होते तसंच. फाइली मुद्देमाल झाल्या. सुपुर्दनाम्यावर परत देण्यासाठी मी कोर्टात अर्ज टाकला. कोर्टानं कार्यालयाचं म्हणणं मागवलं. म्हणणं सादर करायचा अधिकार कोणाला, यावर कार्यालयानं वर मार्गदर्शन मागवलं. वरून उत्तर आलं की स्थानिक पातळीवर निर्णय घ्यावा. मग साहेबांची बदली झाली. दर सोमवारी मी कार्यालयात माणूस पाठवायचो आणि दर सोमवारी तो परत येऊन सांगायचा, "उद्या या म्हणाले." पोलिसाला उद्या या सांगणारी माणसं, त्या बाईला काय सांगत असतील?

फाइली परत जायला चार महिने लागले. पुढे ढकललेलं ऑडिट त्यानंतर आलं, तेव्हा पूर्ण तालुक्यात एकाच गावचं रेकॉर्ड पानापानासह सापडलं, बाबूंनी घरी ठेवलेलं. बाकी गावांचे हप्ते आधीच संपलेले, म्हणून तक्रारीत त्यांचं नाव नव्हतं; त्यांचं रेकॉर्ड रद्दीत गेलेलं. त्यांच्यापुढे 'अभिलेख उपलब्ध नाही' असा शेरा पडला. गैरसमजातून दाखल झालेला गुन्हा म्हणून मी कोर्टाकडे ‘सी’ समरी, म्हणजे प्रकरण बंद करायची परवानगी, मागितली आणि ती मंजूर झाली. शासकीय अभिलेख विनापरवाना घरी नेल्याबद्दल बाबूंना खुलाशाची नोटीस मिळाली. त्यांनी चौदा पानी खुलासा दिला, सहपत्रांसह. त्यावर कोणी काही कळवलं नाही.

बाईचं घर पूर्ण झालं. ते सांगायला ती ठाण्यात आली, आणि मला कळायचं राहून गेलेलं सांगून गेली. तिचा सासरा फाइली आमच्या खोलीत असताना गोठ्यातच गेला. हप्ता सुटायच्या वेळी कार्यालयानं वारसाचे कागद मागितले. तिनं तेही जमवले. शेवटच्या टप्प्याचा फोटो पुऱ्या घरासमोर लाभार्थ्याला उभं करून काढावा लागतो. फोटो काढायला आलेल्या माणसाला ती म्हणाली होती, "ज्याचं घर तो तर नाई. मी उभी राहू का?" त्यानं आधी कार्यालयाला फोन करून विचारलं, मग उभं राहायला सांगितलं.

नवीन अधिकारी कधी अनुभवाचं काही विचारतात तेव्हा मी हे प्रकरण सांगतो. माणूस खोटं बोलतोय असं वाटलं, तर तो जे पाहायला सांगतोय ते आधी पहा. खुर्चीवर बसलेला फोनवर काय सांगतो, त्यानं तपास होत नाही. आम्हाला माणसाचा चेहरा वाचायची सवय लागते आणि समोर पडलेली नोंदवही वाचायचा कंटाळा येतो.

त्या चार महिन्यांचा दोष मी पुष्कळ दिवस वाटत बसलो होतो. इतका कोर्टाच्या वेळापत्रकाचा, इतका कार्यालयाचा. पण माझं ठाणं ते कार्यालय हे अंतर पायी पाच मिनिटांचं. पहिल्या सोमवारी मी तेवढं चाललो असतो, तर साहेबांनाच फाइली आणायला पाठवता आलं असतं. जप्ती नसती, मुद्देमाल नसता. म्हातारा कदाचित स्वतःच्या स्लॅबखाली गेला असता. मी चाललो अकरा दिवसांनी.