बकऱ्याच्या किमतीची गाडी

इसाकभाई परकारांशी बोलायचं म्हणजे एक सवय करून घ्यावी लागे. वाक्याच्या ऐन मध्यावर ते बोट वर करत आणि डोळे मिटून घेत. बाहेरून एखादी गाडी जात असे. ती पुरती लांब गेली की डोळे उघडून म्हणत, "पाववाल्या गुलामची. पाठचा स्प्रिंग मेला तिचा." मग जिथे सोडलं तिथून पुढे. मी वडिलांच्या आजारपणाचं सांगत होतो, तेव्हाही त्यांनी असंच बोट वर केलं. मला राग आला. गाडी गेल्यावर ते म्हणाले, "हां, मग डॉक्टर काय बोलला?" आणि पुढचं सगळं इतकं कान देऊन ऐकलं की माझा राग कुठल्या कुठे गेला.

साठ सालानंतरची दुबई ती. अमिरातींचं संघराज्य व्हायला अवकाश होता, डांबरी रस्ते बोटावर मोजण्याइतके, आणि बाजारात रुपयेच चालत. मी चिपळूणहून येऊन एका ठेकेदार कंपनीत हिशेब लिहीत होतो. इसाकभाई बाणकोटचे. खाडीच्या देरा बाजूला त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं. माणूस धिप्पाड, आवाज त्याहून मोठा, आणि नम्रता औषधालाही नाही. "खोर फक्कानपासून इथवर मोडकी गाडी जिवंत करणारा एकच माणूस हाय," असं ते कुणालाही सांगत, आणि तो माणूस कोण हे समोरच्याने विचारेपर्यंत थांबत.

आमच्या कंपनीतले ब्लेक साहेब दर शुक्रवारी दुपारी मोटारींच्या शर्यती भरवत. गावाबाहेर सबखा होती, म्हणजे खाऱ्या मातीचं सपाट मैदान. वरून फरशीसारखं कडक, पण पापुद्रा फुटला की आत नुसता चिखल. तेलाची रिकामी पिंपं गोल मांडली की झाला ट्रॅक. सुरुवातीला अख्खा बाजार बघायला लोटला. पण साहेब आपल्या लँड रोव्हरवर पाण्यासारखा पैसा ओतत आणि दर शुक्रवारी तेच जिंकत. बाकीच्यांना तेवढा खर्च झेपेना. हळूहळू गाड्या घटल्या, माणसं पांगली. शेवटी साहेबांनी आमच्यासमोर हात झटकले. "खलास. पुढच्या महिन्यापासून बंद."

"बंद कशाला?" इसाकभाई म्हणाले. "साहेब, तुमची शर्यत पहिल्या वळणाला संपते. मग लोकांनी काय धूळ बघायची? हरणारा हसत घरी गेला पायजे. नायतर पुढच्या शुक्रवारी येणार कोण?"

हे त्यांचं आवडतं वाक्य. पण त्यांची प्रत्येक युक्ती चालली असं नाही. साहेबांनी शर्यत त्यांच्यावर सोपवली, आणि पहिल्याच शुक्रवारी त्यांनी गाडीविरुद्ध उंट पळवला. उंट अर्ध्या वाटेवर थांबला, त्याने ट्रॅकबाहेरचं एक झुडूप खाल्लं आणि तो घराकडे चालू लागला. मालक त्याच्यामागे, पोरंटोरं मालकामागे. शर्यत बुडाली. पण लोक इतके हसले की पुढच्या शुक्रवारी गर्दी दुप्पट. "बघितलंस दामले?" इसाकभाई मला म्हणाले, जणू उंटाला तसं त्यांनीच शिकवलं होतं.

मग त्यांनी दोन नियम काढले. पहिला, मागच्या वेळी जो जिंकला तो सगळ्यांत मागून सुटणार. दुसरा नियम ऐकून साहेबांचा पाइप विझला. शर्यत संपल्यावर मैदानावरच्या कुणीही एका चांगल्या बकऱ्याची किंमत विजेत्याच्या बॉनेटवर ठेवावी आणि गाडी घेऊन जावी. विजेत्याने नाही म्हणायचं नाही.

"म्हणजे माझी गाडी कुणीही नेईल?" साहेब ओरडले.

"नेईल ना! म्हणून तर तुमी तिच्यावर पैसा ओतणार नाय. कोणच ओतणार नाय. सगळे भंगार घेऊन येतील, आनि मग जो चालवील तो जिंकेल."

साहेबांना ते पटलं नव्हतं, पण खेळ बंद करण्यापेक्षा बरं म्हणून त्यांनी मान डोलावली. दोनच आठवड्यांत ते मागून सुटूनही पहिले आले, आणि इराणी पाववाला गुलाम पिठाच्या हाताने बॉनेटवर नोटा ठेवून त्यांची लँड रोव्हर घेऊन गेला. साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. पण शब्दाला जागले. पुढच्या शुक्रवारी ते मडगार्ड नसलेल्या एका खटाऱ्यातून आले, तिसरे आले, आणि पहिल्यांदाच मी त्यांना गाडीतून उतरताना मोठ्याने हसताना पाहिलं.

मग काय विचारता! टॅक्सीवाले, मासळीवाले, पठाण गवंडी, ज्याला त्याला कुठून तरी एखादं धूड मिळू लागलं. मी पत्र्याचा कर्णा तोंडाला लावून हिंदीत, इंग्रजीत आणि अडखळत अरबीत शर्यतीचं वर्णन करी. कोण जिंकेल ते कुणालाच सांगता येत नसे, आणि लोक त्यासाठीच येत.

इसाकभाई स्वतः मात्र उतरत नव्हते. ते वेगळ्याच कामात होते. त्यांची बायको झुलेखाभाभी बाणकोटहून पहिल्यांदाच येणार होती. लग्नानंतर दोघांचा संसार रजेपुरताच झालेला. धक्क्यावर तिला आपल्या स्वतःच्या गाडीतून आणायला जायचं, हा त्यांचा हट्ट. भंगारातून एकेक भाग जमवून त्यांनी पक्क्या टपाची एक मोटार उभी केली. हिरवा रंग दिला. मागच्या खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे लावले.

बोट यायच्या आधीच्या शुक्रवारी त्यांना राहवलं नाही. "जरा इंजिन मोकळं करून आणतो," म्हणाले आणि पडद्यांसकट ट्रॅकवर उतरले. त्यांना तसं चालवताना आम्ही कधी पाहिलंच नव्हतं. चिखलाच्या कडेकडेने, पिंपांना घासत, पडदे फडफडत ती हिरवी गाडी सगळ्यांच्या पुढे निघून गेली. मी कर्ण्यात काय ओरडलो ते मला आठवत नाही.

टाळ्या चालू असतानाच सालेम पुढे आला. घरोघर गोडं पाणी पोचवणारा हा तरुण दर शुक्रवारी यायचा आणि दर शुक्रवारी शेवटचा यायचा. त्याने बॉनेटवर पैसे ठेवले.

त्याला बिचाऱ्याला बोटीचं काही माहीत नव्हतं. मी इसाकभाईंजवळ जाऊन कुजबुजलो, "सांगा ना त्याला, भाभी येतायत म्हणून." ब्लेक साहेबही म्हणाले की नियम काढणाऱ्याला एकदा सूट द्यायला हरकत नाही.

इसाकभाई गाडीकडे बघत राहिले. मग माझ्यावरच खेकसले, "साहेबाची गाडी गेली तवा त्याला बायको नव्हती काय? मना सोडून बाकीच्यांसाठी कायदा केला काय मी?" त्यांनी किल्ली सालेमच्या हातात ठेवली. "दुसऱ्या गिअरला जरा हळू. आनि पडदे काढू नको." एवढं बोलून ते चालत निघाले. त्यांचा आवाज इतका लहान मी कधी ऐकला नव्हता.

बोट बाहेर समुद्रात नांगरली आणि उतारू मचव्यांतून खाडीत आले, तेव्हा मी इसाकभाईंबरोबर धक्क्यावर होतो. त्यांनी एक हातगाडी ठरवली होती. भाभी उतरली, सामान उतरलं, आणि मागे हॉर्न वाजला. धुऊन लखलखीत केलेली हिरवी गाडी घेऊन सालेम उभा होता. बाजारात कुणीतरी त्याला सगळं सांगितलं होतं.

"किल्ली परत देतोस?" मी विचारलं.

"किल्ली क्यूँ? गाडी मेरा," सालेम हसून म्हणाला. "मेहमान तुम्हारा. यल्ला, बैठो!"

भाभी पडद्याआड बसली. तिने हळूच विचारलं, "गाडी आपली?"

"बनवली मी. मालक हा," इसाकभाई म्हणाले, आणि वाटेत तिला सगळी हकिगत सांगितली. ऐकून ती म्हणाली, "मंग ह्यो जिंकला की तुमी पैसं ठेवा, आनि घ्या परत. कायदा त्यालाबी हाय ना?"

इसाकभाईंना हे सुचलंच नव्हतं! अडचण एकच, सालेम काही केल्या जिंकत नसे. मग इसाकभाईंनी त्याला शिकवायला घेतलं. संध्याकाळी सबखेवर दोघांचा आरडाओरडा चाले. "ब्रेक नको! ब्रेक म्हंजे भीती! वळणाच्या आदी पाय काढ, वळणात दे!" चिखल कुठे आहे तो रंगावरून कसा ओळखायचा, पुढच्याची धूळ कुठल्या बाजूला टाळायची, सारं शिकवलं. भाभी डबा पाठवी, दोघे गाडीच्या सावलीत बसून जेवत. मी चिडवलं की म्हणत, "मना माझी गाडी पायजे, दुसरं काय नाय."

हिवाळा संपता संपता सालेम जिंकला. शेवटच्या वळणावर त्याने ब्लेक साहेबांना मागे टाकलं, तेव्हा सर्वांत मोठी आरोळी इसाकभाईंची होती. सालेम उतरला आणि मातीत गुडघे टेकून लहान मुलासारखा रडला. मग उठला, डोळे पुसले, किल्ली हातात घेऊन इसाकभाईंकडे बघत उभा राहिला. त्यालाही नियम पाठ होता.

इसाकभाई खिशात हात घालून गाडीपाशी गेले. अख्खं मैदान बघत होतं. त्यांनी खिशातून रुमाल काढला, सालेमच्या कपाळावरचा चिखल पुसला, "आता तेल बदल हिचं," म्हणाले आणि परत आले.

"घेतली नाय?" माझ्याजवळ उभ्या असलेल्या भाभीने विचारलं.

"चांगली चालवतो ग तो," इसाकभाई म्हणाले. "चल, आपण दुसरी बनवू. तुज्या पसंतीचा रंग सांग."