मिल सोडू पाहणारा माणूस

वडशाच्या बसथांब्यावर एक माणूस माझ्या शेजारी बसला. समोरच्या राईस मिलमधला असावा. भुवयांतही भाताचा कोंडा होता. खोकला थांबला की बोलायचा.

“बाई, मिल सोडून गावोगाव पार्सल पोचवाचं काम धरू का? मिलीत महिन्याचा पगार पक्का आहे. तिथी जेवढे पार्सल पोचले तेवढेच पैसे भेटते.”

मी अनोळखी माणसाशी बोलत नाही. तरी म्हणाले, “मोहाची फुलं पडतेत तवा आमच्या गावात सकाळी कोणी नसते. सारे जंगलात, फुलं वेचाले.”

“मंग पार्सल कोणाले देऊ? कुत्र्याले?” तो हसला. मग हळू म्हणाला, “मीच येईन मोहाखाली. तिथी हवा तरी भेटन.”

मिलचा भोंगा वाजला, तरी तो उठला नाही. माझी बस निघाली तेव्हाही तसाच बसून होता. त्यानं ठरवलं होतं, की नुसता थकला होता, कोण जाणे.