पहारेचे तीन ठोके

वडील पलटणीत होते, लढाई संपायची चिन्हं नव्हती, आणि कवठे महांकाळजवळच्या आमच्या कोरडवाहू रानात थोरल्या दादानं विहीर पाडायला घेतली होती. विहीर खोल गेल्यावर खालची हाक वर नीट कळेना, नुसता घुमारा यायचा. म्हणून ठरलं होतं, पाटी भरली की दादानं पहार खडकावर तीनदा आपटायची. मग आम्ही वरून दोर ओढायचो. घरात भाकरी थापतानाही तो आवाज माझ्या कानात असायचा.

एके दिवशी जेवण करून दादा खाली उतरला आणि थोड्याच वेळात विहिरीची एक बाजू ढासळली. दादा गाडला गेला. गाव धावून आलं. बैलांच्या घुंगुरमाळा सोडल्या, रडणारी पोरं लांब नेली. बापे खाली उतरून ढिगाऱ्याला कान लावून बसले. आई काठावर जमिनीला कान लावून पालथी पडली होती.

"वाजलं! उगवतीकडं वाजलं!" ती ओरडली.

"व्हय वैनी, तीन ठोकं!" खालून चुलते म्हणाले.

मलाही ऐकू आले. बारीक, पण अगदी लोखंडाचे. ज्यांना ऐकू येत नव्हते त्यांचा मला संताप आला. सगळे उगवतीकडं खणू लागले.

ऊन कललं तेव्हा बांधावरून लोहार आला. त्या बिचाऱ्याला काहीच ठाऊक नव्हतं. त्याच्या खांद्यावर दादाची पहार होती. जेवणाच्या सुट्टीत दादानंच ती टोक काढायला परस्पर नेऊन दिली होती.

खणणारे हात थांबले. माझ्या कानातले ठोकेही तिथंच बंद पडले.

"थांबलासा का? वाजवतोय की त्यो!" आई म्हणाली.

"वैनी, पहार हितं वर हाय," चुलते वर येऊन म्हणाले.

आईनं पहारेकडं पाहिलं आणि पुन्हा जमिनीला कान लावला.

दिवस बुडायच्या सुमाराला दादा मावळतीच्या कडेला सापडला. अंग अजून गार पडलं नव्हतं.

पुढं कितीतरी वर्षं आई मला मध्येच विचारायची, "हाक मारली आसंल का गं त्यानं?" हाकेकडं आमच्यापैकी कुणी कान दिलाच नव्हता.