गोल खोलीतलं कपाट

मिनेसोटातल्या ईडन प्रेरीत प्रतिमाला घर बघायला बोलवायचं, तर आधी कपाटं आवरून ठेवावी लागत. वास्तुशांतीला बाकीचे प्रसाद घेतात, ही पँट्री उघडून बघते. गेस्टरूममधले टॉवेल वापरायचे की नुसते मांडलेले, तेही हिला ठाऊक. मला कसं कळतं म्हणाल, तर ती मलाच येऊन सांगायची. आणि मी काही कुणाला सांगत नाही. म्हणजे फारशा जणांना नाही.

नवी घरं संपली तेव्हा तिनं नदीकाठचं जुनं गाव धरलं. इंग्लंडहून आलेल्या लोकांनी ते आपल्या तिकडच्या बाजारगावासारखं वसवलेलं. मधे चौक, भोवती दगडी धान्यबाजार, चर्च, विटांची बँक. बँकेत आता कॉफी मिळते आणि धान्यबाजारात योगाचे क्लास चालतात. प्रत्येक इमारतीला पितळी पाटी. प्रतिमाची तक्रार अशी, की इमारत कुणी बांधली ते पाटीवर असतं, पण स्वयंपाकघर कुठल्या बाजूला होतं हे कुणी लिहीत नाही. म्हणून तिथलं एखादं जुनं घर विक्रीला निघून रविवारी ओपन हाउस, म्हणजे येईल त्याला घर बघायला मोकळं असलं, की ही गिऱ्हाईक होऊन आत. नवरा, गुरुनाथ, गाडीतच बसून राहायचा.

असं सगळं गाव पाहून झालं. राहिलं ते चौकाच्या कोपऱ्यावरचं पिवळ्या दगडाचं घर. वर गोल बुरूज, त्याच्या खिडकीला कायम पडदे. ते काही विक्रीला येईना. गोल खोलीत कपाट लावतात तरी कसं, या विचारानं बाईला चैन नव्हती. त्यात गुरुनाथची बदली झाली टेक्सासमधल्या फ्रिस्कोला. खोकी भरतानाही हिच्या तोंडी गोल खोलीच.

निघायच्या आधीच्या रविवारी दोघं शेवटचं म्हणून चौकात गेली. पाहतात तर पिवळ्या घराच्या हिरवळीवर ओपन हाउसची पाटी, दार उघडं, माणसांची ये-जा. प्रतिमानं दारात चपला काढल्या आणि शिरली आत. लोक केक खात होते. एजंट दिलदार दिसतोय म्हणून तिनंही एक तुकडा घेतला, स्वयंपाकघरातला एक ड्रॉवर ओढून पाहिला आणि जिना चढली.

पाटीवरचा बाण शेजारच्या घराकडे होता. इथे मालकिणीचा, लुंडग्रेनबाईंचा, वाढदिवस चालला होता.

गोल खोलीत कपाट नव्हतंच. खिडकीशी एक खुर्ची आणि तिच्यावर दुर्बीण.

मागून लुंडग्रेनबाई आल्या. पाहुण्यांपैकी कुणीच पायातलं काढलं नव्हतं, त्यामुळे दारातल्या चपला बघून त्या शोधतच आल्या होत्या.

"या तुमच्याच असणार," चपला पुढे करत त्या म्हणाल्या. "कधीची बघतेय मी तुम्हाला. सगळ्यांच्या घरात शिरता, विकत एकही घेत नाही. आणि ते गाडीत बसून राहतात ते कोण?"

प्रतिमा चपला घेऊन निघणारच होती. पण शेवटचा प्रश्न ऐकला आणि तिला बाई आपल्यातलीच वाटली.

"नवरा. त्याला लाज वाटते."

"माझ्याही नवऱ्याला वाटायची," म्हणत बाईंनी शेजारच्या खोलीतून दुसरी खुर्ची ओढत आणली. "बसा. कॉफीवाल्याकडे आज कोण आलंय बघा."

खाली गुरुनाथ फोन करकरून थकला.

आता प्रतिमा फ्रिस्कोत असते. तिथली घरं एकाच साच्यातली, एक पाहिलं की सगळी पाहिली. पण रविवारी लुंडग्रेनबाईंचा फोन येतो आणि मग तिचा मला. नदीकाठचं गाव माझ्या घरापासून हाकेवर, आणि तिथल्या बातम्या मला टेक्सासहून कळतात. परवा कळलं की कॉफीवाल्यानं दाढी काढली, आणि त्यामागे एक मुलगी आहे.

मी जाऊन पाहून आलो. दाढीचं खरं आहे. मुलगी मला काही दिसली नाही; तिला त्या खिडकीतूनच बघायला हवं.