अहो, चहा निवतोय

ब्रिटनच्या उन्हाळ्यात काय काय पाहावं याची रंगीत पुस्तकं स्टेशनवर फुकट मिळतात. विम्बल्डनचं टेनिस, नॉटिंग हिलचा कार्निव्हल, रीडिंगला चिखलात लोळणाऱ्या पोरांचा फेस्टिव्हल, गावोगावची फुलांची प्रदर्शनं. आमचा लंडनच्या हाउन्सलोमधला जुलैतला मेळा त्यात कधी छापून आला नाही. एका रविवारपुरतं पार्क घ्यायचं, आणि त्यासाठी कौन्सिलमध्ये जो कोणी नवीन बसला असेल त्याला दरवर्षी पहिल्यापासून समजवायचं की मेळा म्हणजे मोर्चा नव्हे. विमानांच्या किचनमध्ये जेवणाचे ट्रे भरता भरता मी युनियन चालवायला शिकले, त्यामुळे भांडणाचं खातं माझ्याकडे. हरवलेल्या मुलांचा तंबू मात्र लीलावतीकाकूंचा.

एक टेबल, ज्यूसचे खोके, बिस्किटं आणि पार्कभर टांगलेल्या कर्ण्यांना जोडलेला माईक. काकूंची अनाउन्समेंट ऐकायला लोक हातातली भेळ खायची थांबायचे. आधी इंग्लिशमध्ये सरळ, मग हिंदीत, गुजरातीत, आणि शेवटी मराठीत: "निळा टी-शर्ट, नाव अर्जुन. अर्जुनची आई, लवकर ये गं बाई. पोरगं रडत नाहीये, पण माझी बिस्किटं संपवतंय."

आई धापा टाकत आली की काकू पहिल्यांदा तिलाच धरायच्या. "इतका वेळ काय करत होतीस?"

"मी म्हटलं आपणच शोधू. उगाच सगळ्यांना कळतं."

"कळू दे की. लाज काय चाटायचीय? पोर हरवलं की आधी सांगायचं, मग शोधायचं."

काकूंचे यजमान पुरुषोत्तमकाका गोगटे. हॉस्पिटलात एक्स-रे काढण्यात त्यांचा जन्म गेला. 'ब्रीद इन. होल्ड इट,' म्हणत त्यांनी अर्धं हाउन्सलो श्वास रोखून उभं केलं होतं. काकूंनी त्यांचं नाव कधी घेतलं नाही. 'आमचे हे', नाहीतर 'अहो'. डॉक्टरच्या रिसेप्शनवर पेशंटचं नाव विचारलं, की त्या काकांकडे बोट दाखवायच्या. मी एकदा म्हटलं, "काकू, नवऱ्याचं नाव घेतल्यानं त्याचं आयुष्य कमी होत नाही."

"तुझ्याचं तू घेत होतीस ना? टिकला का?"

माझा नवरा स्लाउला दुसरीकडे राहायला गेला, हे सगळ्या मेळ्याला ठाऊक होतं. मी पुन्हा तो विषय काढला नाही.

वर्षातून एकदा, मेळ्यात, मराठी मंडळाच्या स्टॉलवर बायका त्यांना घेरायच्या आणि उखाण्यात नाव घ्यायला लावायच्या. "हीथ्रोच्या धुक्यात विमान उतरलं हळू, पुरुषोत्तमरावांचं नाव घेते, आता नका कुणी छळू." एवढं म्हणून त्या पदर सावरत तंबूकडे पळायच्या. सत्तरीच्या बाईला असं लाजताना पाहून माझा राग यायच्या ऐवजी जायचा.

मग काका विसरायला लागले. आधी किल्ल्या, मग रस्ते, मग स्वतःचं नाव. पोस्टमन 'मिस्टर गोगटे' म्हणाला, की ते मागे वळून बघायचे, कुणाला हाक मारतोय म्हणून. 'अहो' मात्र पक्कं होतं. काकूंनी स्वयंपाकघरातून 'अहो' म्हटलं, की वरच्या मजल्यावरून 'आलो' यायचं.

एकदा काका ट्यूब ट्रेनमध्ये बसले आणि पार शेवटच्या स्टेशनवर पोलिसांना सापडले. त्यांचा मुलगा कुशल रीडिंगला सॉफ्टवेअरमध्ये. ऑफिस सोडून आला. त्या दिवशी त्याने आईला स्पष्ट सांगितलं, "अजून एकदा असं झालं, तर बाबांना वृद्धांच्या होममध्ये ठेवणार. मी जागा बघून ठेवलीये." त्यानंतरही काका निघून गेलेच. दोनदा की तीनदा. काकूंनी कुशलला कळू दिलं नाही. मला ठाऊक होतं, कारण शोधायला मीच जायची.

ही गोष्ट दोन हजार सहाच्या मेळ्याची. ऊन कडक होतं. असं ऊन पडलं की इथली माणसं कपडे काढून गवतावर पडतात, आणि आपली माणसं साडीवर स्वेटर घालून येतात, न जाणो. काकांना घरी सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून काकूंनी त्यांना तंबूत आपल्या मागे घडीच्या खुर्चीवर बसवलं होतं. मी दुपारी ज्यूसचे खोके घेऊन आत गेले, तर खुर्चीवर फक्त त्यांची टोपी.

"काका कुठेत?"

"असतील इथंच." काकू एका मुलीच्या बुटाची नाडी बांधत होत्या. गाठ बसत नव्हती.

"कधीपासून?"

"ही रडायला लागली तेव्हा मी वळले. तेवढ्यात."

"मग बसलाय काय? पुकारा ना."

काकूंनी माईकवर पालथा हात ठेवला. "कुशल आलाय. वरदा आणि शाल्मली पण. तिकडे भेळेच्या स्टॉलवर आहेत."

सून आणि नात. म्हणजे कर्ण्यातून नाव गेलं, की निकाल लागला.

"तू बघून ये ना, सुप्रभा. दर वेळी सापडतात."

मी गेले. स्टेजमागे पाहिलं, झोपाळ्यांपाशी पाहिलं, पुरुषांच्या टॉयलेटबाहेर उभी राहून 'काका, काका' ओरडले, तर भलतेच दोन काका बाहेर आले. ढोलवाल्या पोरांना विचारलं. एकजण म्हणाला, "एक आजोबा आलेले. आम्हाला 'होल्ड इट' म्हणाले. आम्ही थांबलो, तर निघून गेले." पुढे मागचं गेट होतं. स्टॉलवाल्यांच्या गाड्यांसाठी आम्हीच ते उघडं ठेवलेलं, आणि बाहेर मोठा रस्ता.

मी पळत तंबूत आले. "काकू, मागचं गेट. आता पुकारा."

"अजून पाच मिनिटं."

"तुम्ही बायकांना काय सांगता?"

"त्यांची पोरं सापडली की घरी जातात," काकू म्हणाल्या. "ह्यांना घरी कोण सोडणार?"

मी माईककडे हात नेला, तर त्यांनी तो पोटाशी धरला. तेवढ्यात रस्त्याकडून ब्रेकचा आवाज आला, लांबलचक, आणि मग हॉर्न.

काकूंनी बटण दाबलं.

"मिस्टर पुरुषोत्तम गोगटे. प्लीज कम टु द लॉस्ट चिल्ड्रन्स टेंट." नाव सरळ, उखाण्याशिवाय आलं. ढोल थांबले. कुणी आलं नाही. कसे येतील? ते नाव आता त्यांचं राहिलंच नव्हतं.

काकूंनी डोळे मिटले. मग त्यांचा स्वयंपाकघरातला आवाज पार्कभर पसरला.

"अहो. ऐकलंत का? चहा झालाय. अहो, चहा निवतोय."

मेळ्यातले सगळे मराठी नवरे वळले. वड्याच्या स्टॉलवरचा अवधूत झारा हातात घेऊन चार पावलं चालत आला, आणि त्याची बायको म्हणाली, "तुला नाही रे, घाणा करपला." लोक हसले. त्या हसण्यातूनच काका आले. मागच्या गेटाकडून, चपला हातात, लगबगीने. आणि म्हणाले, "आलो, आलो. कुठंय?"

"काय?"

"चहा."

चहा नव्हताच. मी आणायला वळले, तर दारात कुशल.

मी भांडायच्या तयारीत होते. शब्द जमवून ठेवलेले: परदेशात वाढलात म्हणून काय झालं, वगैरे. पण तो ओरडला नाही. खाली बसून बाबांच्या पायाला लागलेलं डांबर रुमालाने पुसायला लागला.

"आई, कितव्यांदा?"

"दुसऱ्यांदा."

"खरं सांग."

काकूंनी खुर्चीवरची टोपी उचलून काकांच्या डोक्यावर ठेवली.

"मी रोज ट्रेनमध्ये फोन हातात धरून बसतो," तो म्हणाला. "तुझा नंबर दिसला की आधी पुढच्या स्टेशनवर उतरतो, मग उचलतो. एक दिवस तुझ्याऐवजी पोलीस बोलणार. आय कान्ट डू धिस, आई."

यात मी काय भांडू? कुणाशी?

काकांना ठेवलं ते होम बेसिंगस्टोकच्या पलीकडे, गाडीने तासभर लांब. स्वच्छ, गरम, खिडकीबाहेर हिरवळ. काकूंना गाडी येत नाही, म्हणून मी नेते. पहिल्यांदा गेलो तेव्हा डोरोटा नावाची पोलंडची मुलगी भेटली. काकांचं खाणंपिणं, अंघोळ सगळं तिच्याकडे. बिचारी काळजीने म्हणाली, ते हाकेला ओ देत नाहीत. नाव अवघड, म्हणून आम्ही 'पीटर' म्हणतो, तरी नाही.

"पीटर?" माझा आवाज चढला. "ह्यांच्या बापाने बारसं केलं नव्हतं?"

काकूंनी माझा दंड धरला. मग तिला सांगितलं, "से, अहो."

"व्हॉट इज अहो?"

"इट मीन्स, लिसन," काकू म्हणाल्या.

डोरोटा काकांच्या खुर्चीपाशी वाकली, कप पुढे केला. "आहो."

"आलो," काका म्हणाले, आणि कप घेतला. डोरोटाने इतक्या आनंदाने आमच्याकडे पाहिलं, की रागवायचीही सोय उरली नाही. परतीच्या वाटेवर काकू एवढंच म्हणाल्या, "पोरगी मायाळू आहे. चहात साखर कमी घालते, ते सांगायला हवं."

दिवाळीच्या सुमाराला फराळाचा डबा घेऊन गेलो. काकूंनी दारातूनच हाक मारली, "अहो."

काका उठले. हसत उठले, खोटं कशाला सांगू. म्हणाले, "आलो." आणि काकूंच्या शेजारून कॉरिडॉरमध्ये गेले, डोरोटा कुठे आहे ते बघायला.

काकूंनी डबा टेबलावर ठेवला. झाकण सैल होतं, ते दाबून बसवलं.

पुढच्या जुलैच्या मेळ्याची मीटिंग झाली, तेव्हा त्या आल्या. तंबूत बसेन म्हणाल्या, बिस्किटं वाटेन, नाड्या बांधेन. फक्त माईकवर दुसऱ्या कुणाला तरी बसव.

का, ते मी विचारलं नाही. तेवढी अक्कल मला आहे.