इवायाच्या शब्दाले मीटर

रंग न दिसणारा वायरिंगवाला अख्ख्या महाराष्ट्रात दुसरा सापडला, तर माझी जीप मी त्याला फुकट देऊन टाकीन. आणि मला ओळखणारे सांगतील की मी आजवर कोणाला लिंबूसुद्धा फुकट दिलेलं नाही. हा माणूस माझा व्याही. आमच्याकडे इवाई म्हणतात. माझी थोरली मुलगी त्यांच्या घरी दिली त्याला अकरा वर्षं झाली. मुलचेऱ्याच्या रस्त्यावर पत्र्याच्या टपरीत ते जुन्या गाड्यांचं वायरिंग करायचे, आणि हिरवा, तांबडा, तपकिरी हे तिन्ही रंग त्यांना जन्मापासून एकसारखेच दिसायचे. त्यांच्या शब्दांत, नाल्याच्या गढूळ पाण्यासारखे. ही गोष्ट त्यांच्या घरात सगळ्यांना माहीत होती. मला नव्हती. वायरी जोडणाऱ्याला रंग दिसत नाहीत हे एकदा ड्रायव्हर लोकांत पसरलं की टपरीवर कुत्रंही फिरकणार नाही, हे ते पक्कं ओळखून होते. म्हणून तीस वर्षं त्यांनी ते अशा हुशारीनं झाकून ठेवलं की आम्ही सगळे त्यालाच त्यांचा विक्षिप्तपणा समजून हसत राहिलो.

त्यांची पहिली रीत अशी की गाडीला ते लगेच हात लावत नसत. आधी ड्रायव्हरला बाकड्यावर बसवायचे आणि गाडी कुठं बंद पडली, चढावर की उतारावर, थंड असताना की तापल्यावर, आत किती माणसं होती, हे वकिलासारखं उलटंसुलटं विचारायचे. एकदा आलापल्लीचा एक ड्रायव्हर आला. डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा पेटतो म्हणून या गड्यानं त्यावर काळी चिकटपट्टी लावली होती. इवाई म्हणाले, "दिवा काऊन झाकला बाप्पा?" तो म्हणाला, "भाऊ, डोयात जाते." मग इवायांनी त्याला तासभर असं उकरलं की शेवटी त्यानं कबूल केलं, गाडी मालकानं सांगितलेल्या रस्त्यानं नव्हे तर आडवाटेनं, नाल्यातून, सासुरवाडीला गेली होती. इवायांनी थेट खालचा एक जोड उघडला, त्यातून चमचाभर नाल्याचं पाणी काढलं, फुंकून वाळवलं आणि गाडी सुरू करून दिली. गाडीचा मालक शेजारीच उभा होता, ही त्या ड्रायव्हरची वाईट वेळ.

सेन्सर खराब आहे असं मात्र त्यांच्या तोंडून कधी निघायचं नाही. चंद्रपूरच्या दुकानांतून लोक नवे सेन्सर घेऊन यायचे, ते डबी न उघडता परत द्यायचे. "सेन्सर बिचारा जे हाय ते सांगते. मधातली वायर बदमाश हाय, ते निरोप पोचू देत नाई." मग बांबूची एक कामटी घेऊन, इंजिन चालू ठेवून, वायरींचा जुडगा ते एकेक वीत पुढं सरकत हलवायचे. डोळे मिटलेले, मान तिरपी. मध्येच इंजिनाचा आवाज किंचित अडखळायचा. आम्हाला काही कळायचं नाही, पण इवाई तिथंच कामटी रोवून म्हणायचे, "सापडली." सोलून पाहावं तर आत तांबं हिरवं पडलेलं, नाही तर उंदरानं कुरतडलेलं, नाही तर पत्र्याला घासून घासून उघडं झालेलं. मी जीप चालवतो आणि जंगलचा माल विकतो, घासाघीस करणारा माणूस आहे, कोणाच्या कामाला सहसा चांगलं म्हणत नाही, कारण चांगलं म्हटलं की भाव चढतो. पण या बाबतीत मी मनातल्या मनात टोपी काढत होतो.

आणि सगळ्यांत मोठं नाटक म्हणजे रंगांची परीक्षा. वायर कापली की गाडीवाल्याला शेजारी उकिडवं बसावं लागे. इवाई एकेक टोक पुढं करायचे आणि विचारायचे, "कोन्ता? मोठ्यानं सांगा." गाडीवाल्यानं सांगायचं, इवायांनी तो शब्द पुन्हा म्हणायचा आणि त्या टोकाला दोऱ्याच्या गाठी मारायच्या. हिरव्याला एक, तपकिरीला दोन, तांबड्याला तीन. एकदा एक मोठे साहेब सरकारी गाडी घेऊन आले, तेही पँट सावरत धुळीत बसले आणि शाळेतल्यासारखे "हिरवा, हिरवा, तांबडा" म्हणत राहिले. साहेबांनी चुकून "चॉकलेटी" म्हटलं तर इवाई म्हणाले, "असा रंग आमच्या इकडे नाई. मातीचा हाय का पानाचा, ते बोला." गाडीवाल्याला आपल्या गाडीची माहिती पाहिजे, असं ते कारण द्यायचे, आणि ते सगळ्यांना पटायचं. शिवाय जोड पूर्ण झाला की वायर तपासायच्या हातातल्या मीटरच्या दोन सळ्या त्या वायरीच्या दोन टोकांना लावायच्या. वायर बरोबर असली की मीटर पी करून ओरडायचा. आधी माणसाचं तोंड, मग मीटरचं. दोघांचं जुळल्याशिवाय ते पट्टी गुंडाळत नसत. तीस वर्षांत त्यांचा एकही जोड उलटा गेला नव्हता.

उलटा गेला तो माझा.

उन्हाळा संपत आला होता. माझी जीप पंधरा वर्षांची, आलापल्ली ते भामरागड सवाऱ्या नेते. पाऊस लागला की पर्लकोटा नदी रस्ता तोडते आणि तिकडे जाणं बंद, म्हणून त्या दिवसांत एक फेरी बुडाली तरी माझं डोकं तापतं. तर ही जीप तापली की बंद पडायची, अर्धा तास थांबली की जणू काही झालंच नाही अशी सुरू व्हायची. इवायांनी कामटी लावून शोधलं. इंजिनाच्या मोठ्या चाकाजवळ जो सेन्सर असतो, त्याच्या दोन वायरी, एक हिरवी आणि एक तपकिरी, पत्र्याला घासून फाटल्या होत्या. तो तुकडा कापून काढला. नवे तुकडे घातले ते दोन्ही काळेच होते, म्हणून टोकाशी रंग ओळखणं महत्त्वाचं. मी शेजारी बसलो होतो आणि फोनवर हिरड्याच्या एका व्यापाऱ्याशी भांडत होतो. इवाई म्हणाले, "उजवा कोन्ता?" मी म्हणालो, "हिरवा." ते म्हणाले, "बराबर पाहून सांगा, इवाई." मी फोनवर हात ठेवला आणि ओरडलो, "हिरवा म्हटलं ना! एकच गोष्ट किती डाव सांगू?"

मी पाहिलं नव्हतं. अकरा वर्षं ही परीक्षा देऊन मला तिचा वीट आला होता.

त्यांनी गाठ मारली, जोड केला आणि मीटर हातात घेतला. तिकडे आलापल्लीला माझ्या सवाऱ्या खोळंबल्या होत्या. मी म्हणालो, "आता हे काऊन? आमच्या शब्दावर भरवसा नाई का तुमचा?" मी हे चिडून बोललो, पण नात्यात हा शब्द फार जड आहे. मुलगी देतानाच्या बैठकीत आमच्याकडे कागद होत नाही. बाप बोलतो, समोरचा बाप मान हलवतो, संपलं. इवायांनी माझ्याकडे पाहिलं, मीटरच्या सळ्या गुंडाळल्या आणि म्हणाले, "इवायाच्या शब्दाले मीटर लावत नसते." गाडी सुरू झाली. थोडी थरथरली. ते म्हणाले, "थांबा, मले आवाज बराबर नाई वाटून राह्यला." मी म्हणालो, थंड आहे, तापेल. आणि निघालो.

भामरागडच्या रस्त्यावर, एका अरुंद पुलाच्या तोंडाशी, जीप बंद पडली ती पडलीच. आत अकरा सवाऱ्या, मागं चार गाड्या अडकल्या. त्यातल्या एकाची मोटरसायकल घेऊन मी माणूस पाठवला आणि इवायांना मुलचेऱ्याहून मागं बसवून आणलं. ते येईपर्यंत दोन-अडीच तास मी उन्हात उभा होतो. ते आले तसा मी पट्टी फाडून वायरी त्यांच्या तोंडासमोर धरल्या. सगळे ड्रायव्हर भोवती होते, सगळे त्यांचेच गिऱ्हाईक.

"हा हिरवा हाय का? हा मातीचा हाय, मातीचा! लहान लेकराले समजते, तुमाले समजत नाई?"

ते हळू आवाजात म्हणाले, "तुमीच म्हनले उजवा हिरवा."

"मी म्हनलो असन! पन तुमी हातात धरली होती ना? मंग पाहिली काऊन नाई?"

ते दोन्ही वायरी हातात घेऊन नुसते त्या वायरींकडे पाहत राहिले, आणि ते पाहणं इतकं लांबलं की माझा राग मध्येच अडकला. तो चिकटपट्टीवाला ड्रायव्हर तिथंच होता. तो म्हणाला, "भाऊ, म्हनून तुमी आमाले रोज इचारत होते का?" त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, ते जास्त वाईट होतं. कोणी हसलं नाही. एक म्हातारी सवारी गोंडीत शेजारणीला काहीतरी म्हणाली आणि दोघी दुसरीकडे बघू लागल्या.

इवायांनी मीटर काढला. रंग कोणालाच विचारला नाही. एका टोकाला सळी, दुसऱ्या टोकाला सळी, पी. मग दुसरी वायर, पी. जोड केला, पट्टी गुंडाळली, मला म्हणाले, "मारा." जीप पहिल्या झटक्यात सुरू झाली आणि इतकी सरळ चालली की पंधरा वर्षांत तशी चालली नव्हती. ते मोटरसायकलवर बसून परत गेले. दुसऱ्या दिवशी टपरी उघडली नाही. नंतरही नाही.

मी मुलीशी जाऊन भांडलो. माझीच पोर, अकरा वर्षं सासऱ्याला संध्याकाळी वायरींचे तुकडे निवडून देत होती आणि बापाला एका शब्दानं बोलली नव्हती! ही माझी तक्रार आजही आहे, मी ती सोडलेली नाही. ती भात वेळत होती. म्हणाली, "बाबा, तुमाले सांगतलं असतं तर तुमी कधी ना कधी भांडनात बोलले असते." मी म्हणालो, मला माहीत असतं तर मी पाहून सांगितलं असतं. ती म्हणाली, "पाहून सांगाले माहीत असावं लागते का?" त्या घरी मी जेवलो नाही.

ड्रायव्हर लोक मात्र इवाई समजत होते तसे निघाले नाहीत. तीन-चार जण घरी जाऊन आले, भाऊ उघडा, आम्ही रंग सांगतो, म्हणाले. मीही गेलो. घासाघिशीत मी कधी खाली उतरत नाही, पण त्या दिवशी उतरलो. म्हटलं, मी स्वतः रोज येऊन बसतो. ते म्हणाले, "आधी तुमी परीक्षा म्हनून सांगत होते, इवाई. आता दया म्हनून सांगान. माह्या हाताले ते जमत नाई." आता ते शेतावर जातात, बाकी वेळ ओट्यावर बसतात. रस्त्यानं जाणाऱ्या गाडीकडे मान वळवत नाहीत. मी मात्र पाहिलं आहे, एखादी अडखळत गेली की त्यांची बोटं मांडीवर किंचित हलतात.

पुढच्या फाल्गुनात मी त्यांच्याकडे थांबलो होतो. जीप आलापल्लीहून उन्हातून आलेली, दारात उभी. आम्ही दोघं तिला टेकून उभे होतो. समोरच्या जंगलाकडे पाहत ते म्हणाले, "सून म्हनते पळस फुलला. मले तं झाड वायलं, येगळंच दिसते, बस. कसा रायते तो?"

मी मोहफुलं विकली, हिरडा विकला, नसलेल्या गुणाचा मालही विकला. पण तो पळस मला वर्णन करता येईना. लाल, म्हणालो. मग वाटलं, लाल म्हणजे त्यांना काय? शेवटी मी त्यांचा हात धरला, फिरवला आणि जीपच्या तापलेल्या बोनेटवर ठेवला.

चटका बसला असणार. पण त्यांनी हात उचलला नाही, आणि जंगलाकडे पाहत राहिले.